माहेरचा विस्तव

ओढा ओलांडताना केझायाचा पाय घसरला आणि हातातलं लोखंडी भांडं पाण्यात कलंडलं. निखारे चुरचुरत विझले.

ओहायोतली चूल मोडून सगळं कुटुंब बैलगाडीने आणखी पश्चिमेकडच्या रानात निघालं होतं. आजीने तरुणपणी डोंगर ओलांडून माहेराहून आणलेला विस्तव तेव्हापासून कधी विझला नव्हता, असं घरात सांगत. नव्या जागेपर्यंत तो सांभाळायचं काम नातीकडे होतं.

“आजी, आपल्या घराण्याचा विस्तव मी बुडवला,” केझाया रडत म्हणाली.

आजी काठावरच्या दगडावर टेकली. “माहेरचा तर मीच वाटेत नदीत घालवला होता. चकमकही भिजलेली. वरून बर्फ, आणि तुझा बाप पोटात. पलीकडे धूर दिसला, तिकडे गेले. शॉनी आदिवासींची वस्ती होती. एका बाईपुढे रिकामं भांडं धरलं. तिचं बोलणं मला कळेना, माझं तिला. तिने निखारे दिले, वर मक्याची भाकरी दिली.”

“मग माहेरचा म्हणून का सांगायचीस?”

“मी कुठे? तुझे आजोबा सांगायचे. त्यांना बरं वाटायचं.” आजी हसली. “पुढे आपल्याच लोकांनी त्या शॉनींना तिथून हुसकावलं. भाकरी परत करायची राहून गेली.”

झाडांपलीकडे कुणाच्या तरी चुलीचा धूर चढत होता. “तिथे कोण राहत असेल?” केझायाने विचारलं.

“कोणी का असेना.” आजीने गाठोड्यातली भाकरी काढून रिकाम्या भांड्यात ठेवली. “आधी ही दे. विस्तव मग माग.”