हँडब्रेक

ट्रेलर विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने आणलेला हुसेन मिस्त्री ट्रेलरखाली शिरला. “अ‍ॅक्सल सरळ आहे. टायरं दोन वर्षं ओढतील,” तो खालून म्हणाला.

आकाशपाळणा घेऊन जत्रा करणाऱ्या शेवंताने याच ट्रेलरात वीस वर्षं संसार केला होता. चार वर्षांपूर्वी तो उतारावरून घरंगळला आणि खाली पाळणा जोडणाऱ्या तिच्या नवऱ्याला चिरडून गेला. हँडब्रेक आदल्याच आठवड्यात तिच्या भावाने बसवला होता. सगळ्या जत्रेदेखत तिने त्याला खुनी म्हटलं. त्यानंतर त्याने पाना हातात धरला नाही, तिने चार भाऊबिजा त्याला ओवाळलं नाही.

“हँडब्रेक नवा टाकलाय का?”

“चार वर्षांत कोणी शिवलेलं नाही.”

मिस्त्रीने तो ओढून ट्रॅक्टरने ट्रेलर खेचायला लावला. चाकं घासत गेली, फिरली नाहीत.

“बसवणाऱ्याचा हात धरणारा कोणी नाही. हा ओढलेला असला, तर गाडी जागची हलायची नाही.”

शेवंता पायरीवर बसली. त्या दिवशी गाडी थांबताच ती हंडा घेऊन नळाच्या रांगेकडे पळाली होती. हँडब्रेक ओढायचं काम तिचं होतं.