लागतंय कशाला?

रमाकांतराव आंघोळीला गेले तशी कुमुदताईंनी त्यांचा फोन उचलला, ‘घरघंटी’ असं तीनदा शोधलं आणि फोन होता तिथे ठेवून दिला. तोंडाने मागण्यात अर्थ नव्हता. बत्तीस वर्षांच्या संसारात काहीही मागितलं, की नवऱ्याचं उत्तर एकच, “लागतंय कशाला?”

मग घरघंटी रमाकांतरावांच्या मागेच लागली. फोनवर बातम्या उघडल्या तरी घरघंटीची जाहिरात, क्रिकेट लावलं तरी घरघंटीची जाहिरात. पाचव्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, “मी काय म्हणतो, आपणही घरघंटी घेऊन टाकू. सध्या सगळेच घेतायत.”

“लागतंय कशाला?” कुमुदताई म्हणाल्या. मग तर रमाकांतरावांनी हट्टानेच घेतली.

ही युक्ती कुमुदताईंनी गुरुवारच्या भजनी मंडळात सगळ्यांना शिकवली. पुरुषांना काय कळतंय, म्हणून सगळ्या पोटभर हसल्या.

पुढे रमाकांतरावांच्या वाढदिवसाला कुमुदताईंनी आपणहून आरामखुर्ची आणली. ते पाय पसरून टेकले. “हे कसं सुचलं तुला?”

“सुचायचं काय त्यात? सध्या सगळेच घेतायत,” त्या म्हणाल्या आणि आपल्या तोंडी नवऱ्याचंच वाक्य ऐकून चपापल्या.

आत जाऊन त्यांनी आपल्या फोनवर आधी काय काय शोधलंय ते पाहिलं. ‘आरामखुर्ची’, तीनदा. गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता. त्या वेळी त्या भजनाला गेल्या होत्या आणि फोन घरी चार्जिंगला होता.

त्या बाहेर आल्या. रमाकांतराव खुर्चीत डोळे मिटून पहुडले होते.

“तशी लागत नव्हती म्हणा,” ते म्हणाले.