सोपी अक्षरं

टाउनशिपच्या मराठी मंडळाचा फळा वर्षानुवर्षं वसुधाबाई लिहायच्या. त्या वारल्या, फळाही अडगळीत गेला. मग नव्यानं बदलून आलेल्या प्रतिभानं फळ्याच्या जुन्या फोटोंवरून त्यांच्या वळणाचा फॉन्ट केला आणि मंडळाच्या वेबसाइटला लावला. कौतुक भरपूर झालं, पण त्या लांबलचक वेलांट्या म्हाताऱ्यांना फोनवर काही केल्या लागेनात. म्हणून तिनं पानावर ‘सोपी अक्षरं’ असं एक बटण दिलं, तेव्हा कुठे तक्रारी थांबल्या.

टाउनशिपजवळच्या अवधपुरीत एकटे राहणारे नीळकंठराव तेवढे दर शनिवारी फोन करत राहिले, "उद्याचा कार्यक्रम किती वाजता गं?" त्यांची नजर अधू झालेली. शेवटी प्रतिभा घरी जाऊन त्यांना बटण दाबून दाखवून आली. त्यांनी अख्खी सूचना घडाघडा वाचली.

पुढच्या शनिवारी पुन्हा त्यांचा फोन.

"काका, बटण दाबायचं विसरलात का?"

"नाही गं. दाबलं की सगळं वाचता येतं," नीळकंठराव म्हणाले.

 

"पण मग आमची वसुधा दिसत नाही."