उंबऱ्यापुढचं कमळ

एकाहत्तर साली सरलाबाईंचे यजमान आपला जुना कॅमेरा घेऊन कॉफीच्या कामासाठी ग्वाटेमालाला गेले. त्यांचं पहिलं पत्र तीन महिन्यांनी आलं. बालीगंजच्या बंगाली वस्तीतल्या फ्लॅटमध्ये तोवर बाईंशी बोलायला भिंती तेवढ्या होत्या.

“मा, चिठी,” म्हणत पोस्टमन पुढे झाला आणि दारातल्या रांगोळीच्या कमळाची एक पाकळी त्याच्या चपलेखाली पुसली गेली.

पाकीट घेऊन सरलाबाई दाराकडे पाठ करून खुर्चीत बसल्या. पाकिटात नुसता फोटो होता. डोंगरातलं तळ्याकाठचं गाव, फोटोच्या मागच्या बाजूला महिन्यापूर्वीची तारीख. एका घराच्या उंबऱ्यापुढे कमळाची रांगोळी होती. तिचीही एक पाकळी पुसलेली. आत एक बाई पाठमोरी बसून हातातलं काहीतरी निरखत होती.

“अहो,” त्या पुटपुटल्या.

मागे, उघड्या दारात, यजमानांच्या जुन्या कॅमेऱ्याची कळ खट्कन वाजली.