मागची खडखड

दुकानदाराने गाणं पुन्हा अर्ध्यातच थांबवलं आणि कानावरचे हेडफोन काढले.

"माइक बदलून काय करणार? माइकमध्ये खोट नाही. तुम्ही पळताय. धिम्या चालीत निघता आणि कडव्यात धावत सुटता."

तो ओशाळला. छापखान्यात प्रुफं तपासून घर चालवणारा आणि फावल्या वेळात गिटारवर गाणी म्हणणारा माणूस तो. वापरलेल्या रेकॉर्डिंग सामानाच्या या दुकानात वर्षभरातली ही त्याची चौथी खेप होती. नवी गाणी रेकॉर्ड कंपनीने परत पाठवली होती, 'पहिली मजा नाही' असं लिहून. त्याला वाटलं होतं, अजून चांगला माइक हवा.

"मग हे पहिलं ऐका," तो म्हणाला. "स्वस्तातल्या माइकवरचं आहे. हे त्यांना आवडलं होतं. फक्त मागची खडखड काढून पुन्हा पाठवा म्हणाले."

दुकानदार ऐकू लागला. त्याची बोटं काउंटरवर ठेका धरू लागली आणि गाणं संपेपर्यंत थांबली नाहीत.

"वा! हे कसं पक्कं बसलंय! साथीला कोण होतं?"

"कोणी नाही हो. आमच्या ताईचं शिलाई मशीन. शेजारच्या खोलीत चालायचं. त्या कटकटीपायी तर हा सगळा खटाटोप केला."

 दुकानदाराने माइक पुन्हा खोक्यात घालून दिला.

खटाटोप तरी किती! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही; त्यामुळे त्याने आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. दाराला गोधडी टांगली. मग पोटाला चिमटा काढून हा भारी माइक आणला, आणि आगीतून फुफाट्यात पडला. भारी माइकचा कान तिखट. साध्या माइकला जी खडखड लांबून ऐकू यायची, ती याला मांडीवर बसल्यासारखी ऐकू येऊ लागली.

एक दिवस त्याचं डोकं फिरलं. तो तरातरा ताईच्या खोलीत गेला.

"दोन तास हे धूड बंद ठेवलंस तर काय आकाश कोसळेल? दिवसभर पाय मारतेस, तरी गिऱ्हाइकं उशीर झाला म्हणून ओरडतातच ना? स्वतःचं काही झालं नाही, आता माझंही वाटोळं कर!"

ताईने मशीनवरचा पाय काढला. "बरं," एवढंच म्हणाली.

आठवड्याभरात तिने मशीन मोडीत काढलं आणि तयार शर्टांच्या कारखान्यात नोकरी धरली. खोटं कशाला बोला, त्याला हायसंच वाटलं होतं.

दुकानातून घरी येऊन त्याने जुनं गाणं लावलं. आजवर त्याने त्यात स्वतःचाच आवाज ऐकला होता. आज तो मागची खडखड ऐकत बसला. कडवं संपून तो थांबला की मशीन थांबत होतं. पुढचं सुरू व्हायच्या आधी चार ठोके पडत होते, मग तो गात होता. मध्येच त्याचा आवाज पुढे पळू बघायचा. खडखड जागची हलत नव्हती, आणि आवाज मुकाट्याने मागे येत होता. त्याने सगळी जुनी गाणी ऐकली. सगळीकडे तेच होतं.

संध्याकाळी ताई कामावरून आली. ती चपला काढत होती तोवरच त्याने विचारलं, "मी गायचो तेव्हा तू माझ्या गाण्यावर मशीन चालवायचीस?"

"आज कळलं होय महाराजांना?"

"मग बोलली का नाहीस? मी इतकं तोडून बोललो, तेव्हा तरी बोलायचं!"

"काय बोलू? शाळेत तू गाताना पळालास, गुरुजी एकदाच म्हणाले, 'आली बघा आगगाडी.' सहा वर्षं गिटारला हात लावला नाहीस. पुन्हा कोण तोंड उघडणार, बाबा?"

त्याला तिच्याकडे बघवेना. "आपण तसलंच मशीन आणू. पायाचं. उद्याच बघतो मी."

"आता नाही रे जमायचं," ती हसली. "कारखान्यात मोटरचं मशीन. पाय टेकवला की सुसाट. त्यावर बसून बसून पाय ठेका विसरला माझा. आता तोही पळतो, तुझ्यासारखा."

त्याला हसू आलं नाही.

"पण ताई, माझ्या ठेक्यावर शिवायचं म्हणजे... लोकांचे कपडे बिघडायचे नाहीत?"

"शिवत होतं कोण?"

ती आत गेली आणि बटणांच्या डब्यातून जुन्या चादरीची एक लांब पट्टी घेऊन आली. ती त्याच्या हातात देऊन ताई चहा ठेवायला वळली. त्याने पट्टी दिव्यासमोर धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईच्या भोकांच्या ओळीच ओळी होत्या, आणि दोरा कुठेच नव्हता.