पंडुमच्या आधीची कैरी

फळ्यावरचा गोल पुसून नाहीद मॅडमनी सरळ चाकू काढला आणि ताटलीत कैरी मधोमध चिरली.

वर्ग गप्प. तसा तो रोजच गप्प असायचा. पोरं गोंडी बोलणारी, पुस्तक मराठीतलं, आणि मधल्या मधे अहेरीच्या नाहीद मॅडम. अर्धा-पाव शिकवून शिकवून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. पोरांना जे ठाऊक आहे त्यावरूनच शिकवा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. म्हणून आज शाळेमागच्या झाडाच्या कैऱ्या. आता यात चुकलं कुठं, सांगा!

अर्ध्याचे पुन्हा दोन भाग झाले. “यातली पाव मले कोण देते?”

मागून निशा उठली. शाळेत आल्यापासून तोंडातून शब्द न काढलेली निशा! तपासणीला आलेले साहेब तर म्हणाले होते, मंद आहे पोरगी, तिच्यामागे वेळ घालवू नका. तिने नेमकी पावच उचलली. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“शाब्बास गं माय माझी! खा, तुलेच घे.”

निशाने कैरीकडे बघितलं, मग मॅडमकडे. मग खाल्ली. बाकीच्यांनाही दुसऱ्या कैऱ्यांच्या फोडी दिल्या, पण त्यांनी त्या नुसत्या हातात धरून ठेवल्या. लाजतात बिचारी, मॅडमना वाटलं.

पाणी प्यायला म्हणून गेलेला लच्छू परत आला तो पोचूला घेऊनच. पोचू म्हणजे गावची पूजा करणारा गायता. मागोमाग निशाची आई सुकरी, आणखी चार बाया. पोचूने चिरलेल्या कैऱ्या पाहिल्या आणि तो मटकन दारातच बसला.

“मॅडम, काऊन तोडल्या? पंडुमचा सण नाई झाला अजून. देवाले दाखवल्याबिगर या गावात कोणी नवी कैरी तोंडाले लावत नाई.”

“मले खरंच माहीत नव्हतं, पोचूभाऊ. कोणाले तरी विचारायले पाहिजे होतं.”

“तुमचं जाऊ द्या, तुम्ही बाहेरच्या. पण आमच्या पोरानं खाल्ली असंल तं त्याच्या घरावर दोष येते. त्याले उद्यापासून आम्ही इथी शाळेत नाई बसू देणार.”

नाहीद मॅडम जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. “कोणीच नाई खाल्ली. नुसती कापून दाखवली.”

पोरं मान खाली घालून उभी. एकानेही चहाडी केली नाही. सुकरीचा जीव भांड्यात पडला. पोचूही उठलाच होता, पण त्याचं लक्ष ताटलीकडे गेलं. तिच्यातली चिरलेली कैरी पुरी भरत नव्हती.

“मंग यातली कमी कशी झाली?” तो म्हणाला, आणि पोरांकडे वळून त्याने गोंडीत विचारलं, “किती कमी झाली?”

निशाचा हात वर गेला. मॅडमनी ‘नको’ म्हणून मान हलवली, डोळ्यांनी विनवलं. पण पोरीला प्रश्न समजला होता, आणि उत्तरही येत होतं.

“पाव,” ती मराठीत खणखणीत म्हणाली. “मी खाल्ली.”

आईने दंड धरून ओढेपर्यंत ती शाबासकीसाठी मॅडमकडे बघत उभी होती.