उतरती रेघ

"तुम्ही केसांवर इतकं पाणी ओतता, म्हणून टाकी संध्याकाळच्या आत आटते. या रविवारपासून न्हाणं बंद," असं रेक्टरबाईंनी सुनावलं, तेव्हा आठवड्याचं तेल डोक्यात मुरवलेली ऋजुता फणफणली.

दुसऱ्या दिवशी पोटदुखीचं निमित्त करून ती वसतिगृहाच्या गच्चीवर बसली. टाकीच्या पारदर्शक नळीतली पातळी तासातासाला बघून तिने आलेख काढला आणि संध्याकाळी बाईंच्या टेबलावर आपटला.

"सगळ्या मुली शाळेत होत्या, तरी रेघ खाली उतरतेय बघा. तीसुद्धा पट्टी लावल्यासारखी सरळ. आम्ही पाणी वापरलं असतं, तर ती मध्येच धाडकन पडली असती, मध्येच थांबली असती. उतार बदलत नाही, म्हणजे दर तासाला तेवढंच पाणी जातंय. ही गळती आहे, बाई. आमचे केस नव्हेत."

"मोठी गणितज्ञ लागून गेलीस. मग इथे शेवटी रेघ आडवी कशी झाली?" बाईंनी बोट ठेवलं.

"एकेक कॉक बंद करत गेले. तुमच्या न्हाणीघराचा बंद केला आणि पातळी हललीच नाही. आता रविवारचं काय ते सांगा."